पालवणकर बंधू आणि खेळाचे मोल

खेळाडूने आपल्या श्रमाचे मोल मागितले, किंवा आपल्या योग्यतेचे स्थान मागितले, की प्रेक्षकांस एकाएकी खेळाच्या पावित्र्याची आठवण होते. तोवर ती कोठे असते कोण जाणे! तिकिटाचे पैसे घेणाऱ्यांस, सामन्यांच्या वार्तांवर खपणाऱ्या वर्तमानपत्रांस, अथवा क्रीडांगणाभोवती जाहिरातींच्या पाट्या लावणाऱ्यांस हे पावित्र्य कोणी शिकवीत नाही; ते शिकावयाचे असते एकट्या खेळाडूने. आणि तो खेळाडू समाजाच्या खालच्या पायरीवरून आलेला असेल तर त्याच्या मागणीस कृतघ्नता असे आणखी एक नाव मिळते. ‘तुला येथवर येऊ दिले, हे थोडे झाले काय?’ हा प्रश्न नेहमीच तोंडाने विचारला जातो असे नाही. पण तो विचारला जातो खरा.

अमेरिकेतील बेसबॉलपटू कर्ट फ्लड यास १९६९ साली तो विचारला गेला. सेंट लुई येथील संघाने त्यास न पुसता फिलाडेल्फियाच्या संघास देऊन टाकले. त्या काळच्या नियमाप्रमाणे एकदा करार झाला की खेळाडू त्या संघाचाच. ठेवले तर राहावे, दिले तर जावे. फ्लड हा कृष्णवर्णीय. आपण विकण्याघेण्याची वस्तू नाही, असे त्याने बेसबॉलच्या आयुक्तांस पत्राने कळविले व न्यायालयात दाद मागितली. वर्षाला ९० हजार डॉलर मिळविणारा मनुष्य गुलामीची भाषा बोलतो, ह्याचे पुष्कळांस हसू आले. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. खेळाडूंच्या पायांतील ती बेडी १९७५ च्या अखेरीस एका लवादाने तोडली, तेव्हा फ्लडचे खेळाचे दिवस संपून गेले होते.

इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या तरुणांस ही कथा बहुधा ठाऊक असते. तिच्याच जातीची, आणि काही अंगांनी तिच्याहून अधिक गुंतागुंतीची, एक कथा फ्लडच्या पत्रापूर्वी एकोणपन्नास वर्षे मुंबई-पुण्याच्या क्रिकेटात घडली. तिचे नायक पालवणकर बंधू. त्यांपैकी विठ्ठल पालवणकर यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. तरीही आजच्या मराठी वाचकास ह्या बंधूंची ओळख प्रायः होते ती रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ ह्या २००२ साली निघालेल्या इंग्रजी ग्रंथावरून. गुहांनी विठ्ठलांच्या मराठी पुस्तकाचा मनःपूर्वक उपयोग केला आहे. आपल्या घरातील चीज शेजाऱ्याने ओळखून दाखवावी, तसा हा प्रकार झाला. त्याबद्दल गुहांचे आभार मानून, त्यांनी ही कथा ज्या रीतीने मांडली तिच्याविषयी आमचा जो मतभेद आहे तो येथे नोंदवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

कथा थोडक्यात अशी. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा, कुटुंबाचे मूळ गाव कोकणातील पालवण, जात चांभार, वडील लष्करात, त्यामुळे बालपण पुण्यास. एका पारशी क्लबाच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे व तीवर रूळ फिरविणे, हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात लागले; तेथे ४ रुपये. कामे तीच: रूळ फिरवावा, चुना मारावा, जाळ्या उभाराव्या. एका साहेबाने त्यांस चेंडू टाकावयास सांगितले, आणि डाव्या हाताचा असा गोलंदाज आपल्या मैदानावर झाडू धरून उभा आहे हे क्लबास कळले. तेव्हापासून सरावास येणाऱ्या साहेबांस तासन् तास चेंडू टाकणे हेही काम त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा त्या क्लबातील नामांकित फलंदाज. (जॉन ग्लेनी ह्या त्याच्या नावाचा आपल्या लोकांनी ‘जंगली’ असा उच्चार केला व तेच त्याचे टोपणनाव होऊन बसले. हा जंगली ग्रेग उत्तरायुष्यात धर्मोपदेशक झाला!) बाळूंनी आपणास बाद केले की दर वेळी तो त्यांस आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा हिशेब करू नये म्हणतात. आम्ही करून पाहिला. आठ वेळा ग्रेगला बाद केले की बाळूंचा महिन्याचा पगार वसूल!

ह्या सर्व काळात बाळूंना फलंदाजी करावयास मिळाली नाही. गुहांनी ही गोष्ट सांगितली आहे, पण सांगून ते पुढे गेले आहेत. पुढे काय आहे, ते सर्वांस परिचित आहे. पुण्याच्या हिंदू क्लबाने, यूरोपियनांस हरविण्याच्या ईर्ष्येने, ह्या गोलंदाजास आपल्या संघात घेतले. तेही घ्यावे की न घ्यावे असा वाद होऊन. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाती घ्यावा. पण चहाच्या वेळी त्यांनी मंडपाबाहेर राहावे, इतरांनी चिनी मातीच्या पेल्यांतून प्यावे व त्यांनी फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून. न्यायमूर्ती रानड्यांनी ह्याबद्दल आपल्या लोकांची उघड कानउघाडणी केली असे सांगतात. पुढे १८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस गेले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या वतीने खेळू लागले, पोटापाण्यासाठी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी धरली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी यूरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ सारख्या पत्रांनी ह्या विजयात अस्पृश्यतानिवारणाचा शुभशकुन पाहिला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी सहाच जिंकले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. गणपत व विठ्ठल हे आणखी दोन बंधू. चौघेही हिंदूंच्या संघातून खेळले.

गुहा ही कथा फार सुरेख सांगतात. सामाजिक इतिहास लिहावा तर असा, असे पानोपानी वाटते. तथापि त्यांच्या कथनाचा ओघ एका दिशेने वाहतो, आणि ती दिशा म्हणजे स्पर्शाची. मातीचे भांडे, मग पेला, मंडपाबाहेर, मग पंक्तीत, शेवटी खांद्यावर. माणसांची मने हळूहळू निवळत गेली असे ते चित्र आहे. ते खोटे नाही. पण बाळू हे केवळ शिवू नये असे मनुष्य नव्हते. ते पगारी मनुष्यही होते. मातीच्या भांड्याची गोष्ट प्रत्येकास आठवते, चार रुपयांची कोणास आठवत नाही, आणि फलंदाजी न मिळाल्याची तर त्याहून नाही. आमच्या मते ह्या तिन्ही गोष्टी एकच आहेत.

क्रिकेट ह्या खेळात, ज्यास आमचे आजोबा चेंडूफळी म्हणत, दोन प्रकारची कामे आहेत. एकाने चेंडू टाकावयाचा, दुसऱ्याने फळी मारावयाची. पहिल्यात घाम अधिक, दुसऱ्यात शोभा अधिक. इंग्लंडमध्येही वेतन घेणारा ‘प्लेअर’ हा बहुतांशी गोलंदाज, व वेतन न घेणारा ‘जंटलमन’ हा बहुतांशी फलंदाज असे. राजेरजवाड्यांनी आपल्या देशात हा खेळ उचलला तेव्हा त्यांनी उचलली ती बॅट. वाशिमसारख्या गावी ह्या गोष्टीचे प्रत्यंतर हवे असल्यास कोणत्याही मोकळ्या जागेवर संध्याकाळी जाऊन उभे राहावे. ‘ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग’ हा पोरांचा कायदा तेथे आजही अबाधित आहे. बॅट ज्याच्या बापाने आणून दिली तो खेळतो. ज्याच्या बापास ती आणता आली नाही, तो चेंडू टाकतो, आणि नाल्यात गेला तर काढूनही तोच आणतो. ह्या पोरांच्या मनात एकमेकांविषयी कसलाही द्वेष नसतो. द्वेषावाचूनही तो कायदा चालतो, ही ध्यानात घेण्याची गोष्ट आहे.

येथे ‘लगान’ ह्या बोलपटाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आशुतोष गोवारीकर यांचा हा बोलपट २००१ सालचा, म्हणजे गुहांच्या ग्रंथाच्या आदल्या वर्षीचा. त्यात कचरा नावाचा एक अस्पृश्य गोलंदाज आहे. त्यास संघात घ्यावयास गावकरी तयार नसतात. नायक भुवन एक भाषण करतो. गावकऱ्यांची मने पालटतात. पुढे कचरा एकामागून एक तीन बळी घेतो. बाळूंची आठवण करून देणारे हे पात्र पडद्यावर आले म्हणून अनेकांस आनंद झाला, आम्हांसही झाला. परंतु कचऱ्याचा चेंडू वळतो कशाने? तर त्याचा हात अधू आहे म्हणून! बाळूंचा चेंडू वळे तो पूना क्लबाच्या खेळपट्टीवर वर्षानुवर्षे घाम गाळल्यामुळे, जी खेळपट्टी त्यांनी स्वतः रुळाने दाबली होती व जिचा कण न् कण त्यांच्या ओळखीचा होता. बोलपटाने विद्या काढून घेतली आणि तिच्या जागी व्यंग ठेवले. दलिताच्या हातची कला ही त्याने कमावलेली असू शकते, ही कल्पना एवढ्या सहृदय कलावंतासही सुचू नये! आणि शेवटच्या षटकाचा प्रसंग वाचकांस आठवत असेलच. फळी कचऱ्याच्या हाती आहे, विजय दूर आहे, सर्वांचे श्वास कोंडले आहेत. तो एक धाव काढतो, चेंडू नियमबाह्य ठरतो, आणि षटकार मारावयास भुवन पुन्हा समोर येतो. बाळूंना पुण्यास जी फलंदाजी मिळाली नाही, ती कचऱ्यासही चंपानेरात मिळाली नाही.

आता कर्णधारपदाचा वाद. १९१० नंतरची सुमारे दहा वर्षे हिंदू संघात बाळूंच्या अनुभवाचा व यशाचा दुसरा खेळाडू दाखविणे कठीण आहे. तरी कर्णधारपद त्यांस कधी दिले गेले नाही. ते बहुतेक एम. डी. पै यांच्याकडे राही. पै हे सज्जन गृहस्थ. एका सत्कारप्रसंगी, १९१३ साली, त्यांनी स्वतःच बोलून दाखविले की हा मान वस्तुतः बाळूंचा होता. १९२० साली पै आजारी पडले, बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि कर्णधारपद विठ्ठलांकडे न जाता पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधर संस्कृतचे प्राध्यापक, उत्कृष्ट फलंदाज, स्वभावाने सरळ. परंतु त्या वेळी विठ्ठलांहून वयाने लहान. विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला, आणि आपली बाजू वर्तमानपत्रातून लोकांपुढे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यापूर्वी पै बरे होऊन परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले, दोघे बंधू खेळावयास आले. आणि सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी हिंदू संघ बाळूंच्या आज्ञेत खेळला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल कर्णधार झाले. अंतिम सामन्यात त्यांनी यूरोपियनांस हरविले, आणि त्यांच्याच उच्चवर्णीय सहकाऱ्यांनी त्यांस खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर आणले. १९२५ व १९२६ सालीही त्यांच्याच नेतृत्वाखाली हिंदू विजयी झाले.

ह्या वादात दोष कोणाचा, असे विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. पै यांचा नव्हे. त्यांनी तर स्वतः होऊन न्याय बोलून दाखविला. देवधरांनी कर्णधारपद मागून घेतले नव्हते. संघ निवडणाऱ्यांपाशी दर वेळी एक कारण असे, आणि प्रत्येक कारण एकेकटे पाहिले तर पटण्याजोगेही असे: वय झाले, प्रकृती नाही, पुण्याचा मान राखावयास हवा. आज जे लोक समाजातील विषमता ही व्यवस्थेची आहे हे मानावयास तयार नसतात, ते नेहमी असेच विचारतात की अन्याय करणाऱ्याचे नाव सांगा. हिंदू जिमखान्याच्या प्रकरणात असे नाव सांगता येत नाही, हाच त्या प्रकरणाचा बोध आहे. दहा वर्षे माणसे बदलली, कारणे बदलली, सभा बदलल्या. निर्णय बदलला नाही. एखाद्या घरात दर पावसाळ्यात त्याच भिंतीस ओल येत असेल तर दर साली निराळ्या ढगास दोष देण्यात अर्थ नसतो. छप्पर पाहावे लागते.

छपराचा एक भाग आपला होता, हे उघड आहे. दुसरा भाग मात्र विलायती होता, आणि त्याकडे गुहांचेही पुरेसे लक्ष गेले नाही असे आम्हांस वाटते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व वेतन घेणाऱ्या खेळाडूने करावे ही कल्पनाच ह्या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या मध्यापर्यंत तेथील धुरीणांस सोसत नव्हती. लेन हटन हा विसाव्या शतकातील पहिला पगारी कर्णधार. त्याची नेमणूक १९५२ साली झाली. ‘जंटलमन’ व ‘प्लेअर’ हा भेद तर १९६२ साली कागदोपत्री मोडला. तोपर्यंत एकाच संघातील ह्या दोन वर्णांचे कपडे बदलण्याचे खोलीही निराळी, मैदानात उतरावयाचे दारही पुष्कळ ठिकाणी निराळे. म्हणजे आमच्या लोकांनी साहेबाचा खेळ घेतला तो त्याच्या सोवळ्यासकट घेतला. आपले सोवळे आमच्यापाशी होतेच. रूळ फिरविण्याचे चार रुपये घेतलेला मनुष्य पहिल्या नियमाने कर्णधार होऊ शकत नव्हता, आणि चांभार दुसऱ्या नियमाने. बाळूंच्या ठायी हे दोन्ही नियम एकत्र आले. कोणता नियम कोठे संपतो व कोणता कोठे सुरू होतो, हे निवडसमितीलाही सांगता आले नसते.

वेस्ट इंडीजच्या बेटांतही कृष्णवर्णीय खेळाडूने खेळावे, नेतृत्व गोऱ्याने करावे, अशीच वाटणी होती. जॉर्ज हेडलीसारख्या असामान्य फलंदाजास १९४८ साली एका कसोटीपुरते कर्णधार केले, आणि फ्रँक वॉरेल यास पूर्ण मालिकेसाठी नेमावयास १९६० साल उजाडले, तेही सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या पत्रातून रान उठविल्यावर. जेम्स यांचा ‘बियाँड अ बाउंडरी’ हा ग्रंथ आमच्या महाविद्यालयांतून इंग्रजी शिकविणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. १९२० सालच्या सामन्यात पै काही वेळ बाहेर गेले व बाळूंनी क्षेत्ररक्षण लावले, तो प्रसंग आणि हेडलीची ती एक कसोटी, ह्यांत जातीचा फरक आहे असे आम्हांस वाटत नाही.

परंतु वेस्ट इंडीजमध्ये जे १९६० साली घडले त्याची पहिली पायरी मुंबईत १९२३ सालीच कशी चढली गेली? गुहा ह्याचे श्रेय मुख्यतः गांधीजींनी निर्माण केलेल्या वातावरणास देतात. असहकारितेच्या त्या दिवसांत अस्पृश्यतानिवारण हा राष्ट्रीय कार्याचाच भाग झाला होता, आणि विठ्ठलांची निवड त्या वातावरणात झाली, हे निर्विवाद आहे. पण वातावरण निवडसमितीच्या सभेस हजर राहत नसते. १९२० साली दोन बंधूंनी खेळावयास नकार दिला, ही गोष्ट मात्र समितीपुढे प्रत्यक्ष येऊन बसली होती. त्यांच्यावाचून संघ दुबळा होतो, हे त्यांसही ठाऊक व समितीसही. विनंत्या, अर्ज, सत्कारातील चांगले शब्द, ह्यांनी दहा वर्षांत जे झाले नाही ते एका नकाराने तीन वर्षांत झाले. गुहांच्या कथनात हा नकार स्वाभिमानाचा एक उज्ज्वल प्रसंग म्हणून येतो. आमच्या मते तो संप होता. आणि संप म्हणूनच त्याचा अभ्यास झाला पाहिजे.

संप करावयास बळ लागते. ते ह्या बंधूंपाशी कोठून आले? पूना क्लबातील बाळूंनी, चार रुपये घेत असता, ‘मला फलंदाजी द्या, नाही तर चेंडू टाकणार नाही’ असे म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी रूळ दुसऱ्याच्या हाती गेला असता. मुंबईत गोष्ट निराळी होती. तेथे पोट जिमखान्यावर अवलंबून नव्हते, रेल्वेवर होते. रेल्वेस आपल्या संघासाठी चांगला खेळाडू हवा असे व त्याबदली ती त्यास कायमची नोकरी देई. तीत उपकाराचा भाग नव्हता. काम होते आणि त्याचा पगार होता. जिमखान्याने रुसावे, रेल्वेने रुसण्याचे कारण नाही. आपल्याकडे नोकरीची म्हणून जी चेष्टा होते तीत तथ्य असेल. पण दर महिन्याच्या ठराविक तारखेस मिळणारा पगार हा अस्पृश्य मनुष्याच्या मानेस कोठवर ताठ करू शकतो, ह्याचे १९२० सालचा हा प्रसंग उत्तम उदाहरण आहे.

कराराचे बळ कसे असते, हे पुढे विनू मंकड यांच्या प्रकरणाने अधिक स्पष्ट झाले. तेथे जातीचा प्रश्न नव्हता, म्हणून दुसरी बाजू निखळ दिसते. १९५२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यापूर्वी मंकडांस लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबाने करार देऊ केला. ह्याच लीगमध्ये वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नेल्सन क्लबासाठी खेळून, एका लहानशा गिरणी-गावात, सन्मानाने पैसा मिळवून गेले होते. मंकडांनी क्रिकेट मंडळास विचारले, माझी निवड नक्की असेल तर हा करार सोडतो. एवढ्या मोठ्या खेळाडूने हे विचारणे गैर नव्हते. मंडळाने आश्वासन दिले नाही. मंकड हॅस्लिंग्डनला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत (योगायोगाने हटनच्या नेतृत्वाचा हा पहिलाच सामना) दुसऱ्या डावात हिंदी संघाचे चार गडी एकही धाव न होता बाद झाले. मग मंडळाची धावपळ! हॅस्लिंग्डनच्या विनवण्या करून मंकडांस मोकळे करून घेण्यात आले, आणि त्यांनी लॉर्ड्सवर ७२ व १८४ धावा काढल्या व पहिल्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. सामना हरला तो हरलाच. ज्या मंडळास एका खेळाडूस हो किंवा नाही सांगता आले नाही, त्यास एका गिरणी-गावातील क्लबापुढे हात पसरावे लागले. आज त्याच मंडळाच्या वार्षिक करारांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि २००८ पासून खेळाडूंचा लिलाव होतो. लिलाव हा शब्द आम्हां वाशिमकरांस बाजार समितीतील सोयाबीनच्या ढिगाशी जोडलेला वाटतो. त्यामुळे तो माणसांच्या बाबतीत ऐकताना प्रथम कसेसेच झाले. परंतु सोयाबीन पिकविणाऱ्यास जे मिळत नाही ते, म्हणजे आपला आधारभाव आपण सांगण्याचा हक्क, ह्या लिलावात खेळाडूस आहे. फ्लडला तेवढाही नव्हता.

राहता राहिली बाळूंच्या उत्तरायुष्याची गोष्ट. तिच्यावर गुहांनी हळुवारपणे, काहीसे चुटपुटतच, लिहिले आहे. १९११ च्या दौऱ्याहून परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला, त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार असल्याचे गुहा सांगतात. तेच बाळू १९३२ साली पुणे कराराच्या वेळी गांधीपक्षाकडे राहिले व करारावर त्यांची सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ह्या लढतीविषयी पुष्कळ जण अवघडून बोलतात. आम्हांस तीत एक तर्कशुद्ध क्रम दिसतो. हिंदू समाज स्वतःच सुधारतो आहे, ह्याचा जिवंत पुरावा म्हणून बाळूंकडे तीस वर्षे बोट दाखविले गेले होते. ज्या पुरुषाने त्या समाजाच्या मूळ रचनेवरच आरोप ठेवला होता, त्याच्यासमोर हा पुरावा आणून उभा करण्यात आला. बाळूंचा स्वतःचा विश्वास प्रामाणिक होता. चेंडू टाकत टाकत मातीच्या भांड्यापासून पंक्तीपर्यंत आलेल्या मनुष्यास मने पालटतात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कर्णधारपद मात्र त्यांच्यापर्यंत आले नाही, धाकट्या भावापर्यंत आले, आणि तेही भावांनी खेळावयाचे नाकारल्यावर. आपल्याच घरातील ह्या अनुभवातून बाळूंनी कोणता निष्कर्ष काढला असेल, हे आम्ही वारंवार मनाशी पडताळून पाहिले आहे. मतदारांनी काढलेला निष्कर्ष दोन हजार वीस मतांच्या फरकाने नोंदला गेला. बाळू १९५५ साली वारले.

शेवटी नावाची एक लहानशी गोष्ट. धावफलकावर व वर्तमानपत्रांत हे बंधू ‘पी. बाळू’, ‘पी. विठ्ठल’ असेच येतात. पै ते पै, देवधर ते देवधर, ग्रेग तो ग्रेग. पालवणकरांचे मात्र आडनाव एका अक्षरात आटोपले आणि घरगुती हाकेचे नाव पुढे आले. गुहांच्या ग्रंथातही रूढीप्रमाणे तेच चालते. मराठीत लिहिणाऱ्याने ते चालविण्याचे कारण नाही, म्हणून आम्ही सर्वत्र आदरार्थी बहुवचन योजले आहे. ‘माझे क्रीडा-जीवन’ ची नवी, टीपांसह आवृत्ती एखाद्या प्रकाशकाने काढावी. आणि ती काढताना संपादकाने सामन्यांच्या धावफलकांबरोबर जिमखान्याचे सभावृत्तांत व रेल्वेच्या पगारपत्रकांची जुनी बाडे ह्यांचाही शोध घ्यावा. १९२० सालच्या त्या आठवड्यात कोणी काय ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिले, आणि त्या महिन्यात विठ्ठलांच्या हाती पगार किती पडला, हे तेथेच सापडण्याचा संभव आहे.